फॉन्टशी तह

फॉन्टला मी नावं ठेवली आहेत. तीही जाहीरपणे, व्यासपीठावरून, मानधन घेऊन. सुलेखनाच्या कार्यशाळांत, कला महाविद्यालयांतल्या व्याख्यानांत, एकदा तर प्रकाशकांच्याच मेळाव्यात. माझं म्हणणं असं होतं की अक्षर हातातून उतरतं. हाताचा वेग, दाब, त्या दिवसाचा मूड हे सगळं त्यात येतं, म्हणून एका माणसाने काढलेले दोन ‘क’ कधी एकसारखे होत नाहीत, आणि ते तसे होत नाहीत यातच अक्षराचा जीव असतो. फॉन्टमध्ये एकच ‘क’ हजार वेळा उमटतो. तो छाप आहे, अक्षर नव्हे. एवढं बोलून मी फळ्यावर दोन ‘क’ काढून दाखवायची. टाळ्या पडायच्या.

सरत्या वर्षाने हे मत माझ्याकडून जवळजवळ काढून घेतलं. पूर्ण नाही, काय उरलं ते पुढे सांगेन. पण टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी काही जण ते वाक्य अजून माझ्या नावावर खपवतात, तेव्हा बदल झाला आहे हे त्यांनाही कळलेलं बरं.

आधी माझ्या बाजूचं सांगते, कारण तो राग काही हवेतून आलेला नव्हता. उपयोजित कलेचं शिक्षण संपवून मी पुण्यात मुखपृष्ठांची अक्षरं काढायला लागले तेव्हा डीटीपी नुकतंच रुळत होतं. त्या काळातले बरेचसे मराठी फॉन्ट आठवून बघा. ‘द्ध’ मागावा तर पायमोडका ‘द’ आणि शेजारी सुटा ‘ध’ मिळायचा. ‘ऱ्या’ची चंद्रकोर तर सापडायचीच नाही, मग दऱ्याखोऱ्यांतल्या ‘दऱ्या’ सरळ ‘दर्या’ होऊन समुद्राला मिळायच्या. एका संगणकावर जुळवलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच पडायचा, कारण ज्याने त्याने देवनागरी आपापल्या सोयीने इंग्रजी कळांवर बसवलेली. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती, पण ती सोय आमच्या टेबलापर्यंत पोचायला बरीच वर्षं जावी लागली.

त्यात फ्लेक्स आला. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, साताऱ्यात राजपथालगतच्या एका बोळात पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, वकिलांच्या, निवडणुकीत भिंतीच्या भिंती. फ्लेक्स आल्यावर दोन-तीन वर्षांत त्यांच्याकडचं काम आटलं. फ्लेक्सवरची अक्षरं जागेत बसवायला आडवी ताणलेली असायची. ताणली की उभे दंड जाड होतात, शिरोरेषा मात्र आहे तेवढीच बारीक राहते, आणि अक्षर हवा भरल्यासारखं दिसतं. आण्णा रस्त्याने जाताना अशा फलकांकडे बघायचेच नाहीत. मी बघायची आणि मनात नोंद ठेवायची.

दुसरी नोंद ‘मंगल’ची होती. विंडोज २००० पासून घराघरांत पोचलेला हा फॉन्ट र. कृ. जोशींनी केलेला. ज्या माणसाने देवनागरी सुलेखनाला या देशात प्रतिष्ठा मिळवून दिली, उल्का या जाहिरात संस्थेत काम करून पुढे आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन केंद्रात विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या, त्याच्या हातून इतका कोरडा, इतका बेताचा फॉन्ट निघावा? र. कृं.सारख्यालाही यंत्राने नमवलं बघा, असं मी म्हणायची. हे वाक्य व्याख्यानात दोन ‘क’च्या नंतर यायचं.

आणखी एक गोष्ट या रागात मिसळलेली होती, ती व्याख्यानात यायची नाही. फॉन्ट माझं काम खात होते. एका शीर्षकाचे मी जेवढे पैसे लावायचे, तेवढ्यात प्रकाशकाला दोन मुखपृष्ठं करून मिळायची. माझ्या तत्त्वाला पोटाची बाजू होती. त्यामुळे तत्त्व खोटं ठरत नाही, पण ते तपासून बघायची इच्छा मात्र फारशी होत नाही.

मार्चमध्ये सोसायटीच्या ओल्या जिन्यावरून मी घसरले आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. दीड महिना प्लॅस्टर. ते काढल्यावर आत जो हात निघाला तो माझा वाटेना: सुकलेला, सुजलेला, मनगट कुठल्याच बाजूला नीट वळेना. मेणाचा शेक, रबरी चेंडू दाबणं, टेबलाच्या कडेवर पंजा टेकवून खाली-वर करणं, हे सगळं इमानाने केलं. पण कटनिब धरून एक उभी रेघ ओढायला गेले की ती मध्येच शहारायची. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. डाव्या हाताने प्रयत्न केले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

जूनपासून दिवाळी अंकांची कामं सुरू होतात. कथांची शीर्षकं, सदरांची नावं, मुखपृष्ठावरचं अंकाचं नाव. माझ्या वर्षाच्या कमाईचा मोठा भाग तिथून येतो. ती कामं मी एकेक करून सोडली. एका प्रकाशकाची शीर्षकं मी कित्येक वर्षं करत होते. त्याने नव्या कादंबरीला मोफत मिळणारा एक फॉन्ट लावला आणि पुस्तक बाजारात आणलं. पुस्तक छान खपलं. शीर्षकाच्या अक्षरांचं काय झालं, असं विचारणारा एकाही वाचकाचा फोन मला आला नाही, त्यालाही आला नाही. रात्री झोप न लागण्याचं कारण मनगटाचं दुखणं आहे, असं मी घरी सांगत होते.

याच सुमारास माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती आता टाइप डिझायनर आहे. कार्यशाळेत माझे दोन ‘क’ बघून टाळ्या वाजवणाऱ्यांतली, हेही सांगायला हवं. तिने पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. पुस्तकाच्या मजकुरासाठी ती एक मराठी फॉन्ट करत होती.

“मॅडम, तुमचा हात चालत नाहीये, डोळे तर चालतात ना? जरा बघून सांगा, कुठे खटकतंय.”

मी खरं तर चिडले होते. तरी कागद ठेवून घेतले, कारण घरात दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पहिल्या पानावर प्रत्येक अक्षर दोन-दोन ‘न’च्या मध्ये बसवलेलं होतं: ननकनन, ननखनन, ननगनन. असं पानभर. असल्या कागदाकडे मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. दहा मिनिटांत मी लाल पेन्सिल मागून घेतली.

‘ठ’ दोन्ही बाजूंनी सुटा पडत होता. ‘द’ पुढच्या ‘न’ला खेटत होता. ‘ळ’ बरोबरीच्या अक्षरांपेक्षा काळा दिसत होता. हे मला दिसत होतं, आणि का ते सांगता येत नव्हतं. इतकी वर्षं सांगावं लागलंच नव्हतं. शीर्षक काढताना ‘ळ’ काळा वाटला तर मी तो पुन्हा काढते, शेजारचा काना जरा लांब नेते, शिरोरेषा तोडते, काहीतरी करून ते सहा-सात अक्षरांचं बिऱ्हाड एका घरात नांदवते. कारण द्यायची वेळच येत नाही. इथे ती समोर बसून विचारत होती: “काळा म्हणजे? आतली पोकळी लहान आहे की रेघ जाड आहे? की दोन वळणं जिथे मिळतात तिथे शाई साचल्यासारखी वाटतेय?” मी तिसरं म्हणाले. तिने लॅपटॉपवर ते सांधे आतून किंचित कोरले, पान पुन्हा छापलं, आणि ‘ळ’ ओळीत बसला.

त्या दिवशी ती गेल्यावर मला जे लक्षात आलं, तिथून या सगळ्याला सुरुवात झाली. शीर्षकातल्या अक्षराला आपले शेजारी ठाऊक असतात. फॉन्टमधल्या ‘क’ला आपल्यानंतर कोण येणार याचा पत्ता नसतो. ‘कमळ’ येईल, ‘कढी’ येईल, ‘क्लिष्ट’ येईल, ‘कर्तृत्व’ येईल, आणि प्रत्येक ठिकाणी त्याने आपण फार विचार केलेला नाही अशा चेहऱ्याने उभं राहायचं. मी ज्याला एकाच ‘क’चा छाप म्हणत होते, तो ‘क’ काढताना पुढे येऊ शकणाऱ्या सगळ्या शब्दांचा विचार करावा लागतो. माझ्या दोन ‘क’ना एवढा विचार कधी करावा लागला नव्हता.

देवनागरीत तर ही परीक्षा जास्तच कडक आहे. आपल्या निम्म्याहून अधिक व्यंजनांना उजवीकडे दंड आहे: ग, त, न, प, म, स. हे दंड ओळीत ठरावीक अंतराने येत राहिले की वाचताना डोळा सुखाने पुढे सरकतो. पण ट, ठ, ड, ढ, द, ह, ळ यांना दंड नाही. ती शिरोरेषेला लोंबकळतात आणि बाजूला रिकामी जागा सोडतात. ‘समजत’ आणि ‘दगड’ हे दोन शब्द एका मापाने बसवले तर पहिला दाट दिसतो आणि दुसरा विरळ. म्हणून प्रत्येक अक्षराच्या डाव्या-उजव्या बाजूला किती जागा सोडायची हे वेगवेगळं ठरवायचं, आणि तेही अशा रीतीने की प्रत्येकाची शिरोरेषा पुढच्याच्या शिरोरेषेला बेमालूम भिडेल. ‘थ’, ‘ध’, ‘भ’ यांची शिरोरेषा मुळातच तुटलेली. तिथली फट किती ठेवायची हा आणखी एक तंटा. वरून रफार, वेलांटी आणि अनुस्वार, खालून ‘ष्ट्र’ आणि ‘द्व’. हे वरचं सामान आणि खालचं सामान एकमेकांवर आदळू नये म्हणून दोन ओळींमध्ये किती अंतर ठेवायचं, ते ठरवण्यात आमचा अख्खा जुलै गेला.

‘ल’ आणि ‘श’वरून तिचं माझं भांडण झालं. तिने आधी दोन्ही अक्षरं हिंदीत रूढ असलेल्या वळणाची केली होती. म्हणाली, सगळीकडे चालतात. मी म्हटलं, अगं, मराठीसाठी करते आहेस ना? २०२२ च्या शासन निर्णयाने पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ यांच्यावर पुन्हा शिक्का मारला आहे. तो मारला नसता तरी मी हेच म्हटलं असतं. पण पाकळीच्या ‘ल’ला दंड नाही, म्हणजे तो आला की पुन्हा जागेचं गणित बदलतं. तिने दोन आठवडे कुरकुर केली. मग एके दिवशी ‘लालबाग’ आणि ‘शालीन’ छापून पाठवलं, खाली लिहिलं होतं, “घ्या तुमचा ल.” चांगला झाला होता.

हात हळूहळू सुधारत होता, पण मला आता घाई नव्हती. मी बघत सुटले होते. वर्षातले शोध विचाराल तर ते असे पावसाळ्यात लागले.

पहिला लागला एका जुन्या ग्रंथालयात, काव्यमालेच्या एका खंडात. काव्यमाला म्हणजे निर्णयसागर छापखान्याची संस्कृत ग्रंथमाला. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत हा छापखाना सुरू केला, आणि त्याचा टाइप इतका नावाजला गेला की इतर छापखानेही तो वापरू लागले. पान उघडलं आणि मी खुर्चीत टेकून बसले. ते वळण मला पाठ होतं. बोरूचा कत, म्हणजे टोकाचा तिरका काप, इंग्रजी निबेच्या उलट्या बाजूला असतो, म्हणून आपल्या अक्षरात जाड-बारीक उलटीकडे पडतं. ती बोरूची चाल त्या शिशाच्या खिळ्यांतही स्पष्ट दिसत होती. आता तो खिळा कसा व्हायचा? पोलादी कांबीच्या टोकावर कारागीर ते अक्षर उलटं कोरायचा, सुईच्या टोकाएवढ्या पोकळ्या काढत. तो ठसा तांब्यात ठोकायचा, त्या साच्यात शिशाचा रस ओतायचा, की मग खिळा. जोडाक्षरं धरून असे शेकडो. म्हणजे एकच अक्षर पुन्हा पुन्हा उमटवण्याचा गुन्हा संगणकाच्या कितीतरी आधी घडला होता, आणि तो हाताने घडला होता. मी ज्या अक्षरांवर लहानपणी जीव लावला, ती पहिलीच्या पुस्तकातली होती, पोथ्यांतली होती, कालनिर्णयच्या मागच्या पानांवरची होती. एकूण एक छापील.

दुसरा शोध म्हणजे बापूराव नाईकांचे ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’चे खंड. भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेलं हे काम माझ्या शिक्षणाच्या काळात आमच्या ग्रंथालयात होतं, आणि मी ते उघडलं नव्हतं. त्यात देवनागरी टाइपचा इतिहास आणि मापं यांचा जो पसारा आहे, त्यावरून एवढं कळतं की सरकारी मुद्रणखात्यातला हा माणूस माझ्यासारख्या हजारो सुलेखनकारांपेक्षा अक्षराकडे जास्त वेळ बघत बसला होता.

मग नव्या फॉन्टांकडे वळले, आधी शत्रूच्या गोटात शिरल्यासारखी. मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला ‘यात्रा वन’ पाहिला. तो कॅथरीन श्मिट नावाच्या परदेशी बाईने केला आहे हे कळल्यावर थोडी लाज वाटली. आपण त्या पाट्यांखाली उभं राहून गाडीची वाट बघत होतो. ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा ‘मोदक’ बघून हसूच आलं: अक्षरं इतकी गुबगुबीत की आतल्या पोकळ्यांच्या जागी केसाएवढ्या रेघा उरतात, तरी प्रत्येक अक्षर ओळखू येतं. जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितांवरून केलेला त्यांचाच ‘जैनी’. आणि फिओना रॉस आणि जॉन हडसन यांचा ‘टिरो देवनागरी मराठी’, मूर्ती क्लासिकल लायब्ररीच्या ग्रंथांसाठी केलेल्या टाइपमधून आलेला. यात मराठीसाठी वेगळा संच आहे, आपल्या ‘ल’सकट. तो मी एका लांबलचक लेखाला लावून पाहिला. लेख वाचून संपला तरी अक्षरांकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. शीर्षकं काढणाऱ्या बाईला हे पचायला जड आहे. माझं सगळं आयुष्य लोकांनी अक्षराकडे बघावं म्हणून गेलं.

‘मंगल’कडेही परत जावं लागलं. तो कुठल्या पडद्यांवर चालणार होता याचा विचार मी कधी केला नव्हता. त्या काळचे जाड ठिपक्यांचे पडदे; मजकुराच्या आकारात एका अक्षराच्या उंचीला मोजके ठिपके मिळणार. तिथे बोरूचं जाड-बारीक आणलं असतं तर बारीक रेघा गायब झाल्या असत्या आणि जाड रेघांचे गोळे झाले असते. र. कृं.नी सगळी ऐट काढून ठेवली आणि मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं वाचता येतील एवढं राखलं. त्यांना यंत्राने नमवलं, असं मी जे सांगत होते, ते त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी कुणी ऐकलं असेल तर त्यांनी माझ्याबद्दल काय म्हटलं असेल याचा मी अंदाज करू शकते.

एवढं सगळं झालं तरी माझ्याकडे एक हुकमाचं पान होतं: आण्णा. हाताच्या अक्षराचा जिवंतपणा म्हणून मी नेहमी आण्णांचा दाखला द्यायची. गणपतीत साताऱ्याला गेले तेव्हा दादाला घेऊन त्यांच्या उरलेल्या पाट्या शोधत हिंडले. फार नाहीत. एका किराणा दुकानाच्या आत, कपाटामागे उभी करून ठेवलेली. एका बंद दवाखान्याच्या भिंतीवर. एका लॉजच्या जिन्यात. फोटो काढले, पुण्याला येऊन पडद्यावर मोठे केले, आणि सवयीने मापं घ्यायला लागले.

दुकानाच्या पाटीवर ‘र’ तीन ठिकाणी आहे. तिन्ही एकमेकांवर ठेवले तर जुळतात. एनॅमल पेंट, सपाट ब्रश, खडूची दोरी मारून आखलेल्या रेघा, हात टेकवायला काठी, आणि शिडीवर उभा माणूस, तरीही जुळतात. अगदी शंभर टक्के नाही, पण ते जुळावेत म्हणून केलेली शिकस्त त्यात दिसते. मग आठवलं की मी लहानपणी पाटीवर हात साफ करायला बसले आणि दोन ‘म’ वेगळे काढले की आण्णा ओले असतानाच फडक्याने पुसायचे. “दोन्हीकडे दोन माणसं बसलीत काय?” असं म्हणायचे. मी त्या आठवणीला कठोर बापाच्या कप्प्यात टाकून दिलं होतं, आणि व्याख्यानात त्यांच्या नावावर नेमका उलटा सिद्धांत खपवत होते. जिवंत, दर वेळी वेगळं अक्षर ही आण्णांची चैन नव्हती. ती माझी होती. शहरातली, चांगल्या कागदावरची, शीर्षकाला सहाच अक्षरं असलेल्या बाईची.

आणखी एक सापडलं. त्यांच्या ‘ठ’चा गोल तळाच्या रेघेच्या दोराभर खाली उतरलेला आहे. सगळ्या पाट्यांवर. गोल आकार रेघेवर बरोबर टेकवला तर तो डोळ्याला लहान दिसतो, म्हणून टाइप करणारे तो मुद्दाम किंचित बाहेर काढतात. हे मला माझ्या विद्यार्थिनीने जूनमध्ये शिकवलं होतं. शिरोरेषाही दंडापेक्षा जराशी बारीक, कारण आडवी रेघ उभ्या रेघेएवढीच ठेवली तर जाड भासते. आण्णांना हे कुणी सांगितलं असेल? बहुधा कुणीच नाही. चौथीपर्यंत शिकलेले होते ते.

ऑक्टोबरपासून आम्ही दोघी त्या पाट्यांवरून फॉन्ट करतो आहोत. सापडलेली अक्षरं थोडी आहेत. ‘ञ’ किंवा ‘ऋ’ आण्णांना कुणी रंगवायला सांगितलंच नव्हतं, तर त्यांनी ते कसं काढलं असतं हे आम्हाला ठरवायचं आहे. ‘ठ’वरून ‘ढ’, ‘प’वरून ‘ष’ असं करत जायचं. संगणकावर वळण बिंदूंनी बांधतात, आणि जितके कमी बिंदू तितकं ते स्वच्छ. सुरुवातीला मी प्रत्येक वळणावर बिंदूंची जत्रा भरवायची आणि माझी विद्यार्थिनी ते निमूटपणे पुसत बसायची. आता हात बराच वळतो. कटनिबही धरते, पण त्याआधी अक्षर पडद्यावर बघून घ्यायची सवय लागली आहे. ‘झ’ अजून जमलेला नाही. ज्या एका पाटीवर तो आहे, तिथे रंगाचा पापुद्रा नेमका पोटातून उडाला आहे.

मग जुन्या मतातलं काय उरलं? उरलं आहे. आडवा ताणलेला फॉन्ट मला अजूनही सहन होत नाही. त्याला कायद्याने बंदी असावी. सगळ्या लग्नपत्रिकांनी एकाच फॉन्टमध्ये ‘श्री गजानन प्रसन्न’ म्हणावं, हेही मला मान्य नाही. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी जी अक्षरं काढली, ज्यात नाव वाचायच्या आधी नाटकाचा स्वभाव कळायचा, ते काम कुठलाही फॉन्ट करू शकणार नाही, कारण त्या अक्षरांना एकदाच, एकाच नावासाठी जन्माला यायचं होतं. आणि मोफत फॉन्ट मोफत असतो म्हणजे तो करायला कुणाची दोन-तीन वर्षं गेलीच नाहीत, असं जे लोक धरून चालतात त्यांच्याबद्दल माझं मत पूर्वीपेक्षा वाईट झालं आहे. पूर्वी मीही त्यांच्यातली होते, फक्त पलीकडच्या बाजूने.

पोटाचा प्रश्न सुटलेला नाही. कमाई यंदा अर्ध्यावर आली. पुढच्या वर्षी शीर्षकं थोडी आणि मजकुराची मांडणी जास्त, असा बेत आहे. त्यातलं पहिलं काम मिळालंही, आणि मजा म्हणजे त्याच प्रकाशकाकडून, ज्याने माझ्याशिवाय कादंबरी खपवून दाखवली. कवितासंग्रह आहे. या वेळी त्याला हाताने काढलेलं शीर्षक हवं होतं. मी म्हटलं, नको, कविता शांत आहेत, आतला टाइप आणि बाहेरचा टाइप एकच ठेवू. टाइप निवडला, ‘ल’-‘श’ मराठी करून घेतले, ओळींमधलं अंतर बसवलं, एका कवितेच्या नावात रफार आणि अनुस्वार भिडत होते ते सोडवले, आणि बिल पाठवलं.

त्याचा लगेच फोन आला. “ताई, फॉन्ट फुकटचा आहे ना? मग हे कशाचं?”

मी सांगितलं, बघायचं.

तो अर्धे देतो म्हणाला. मी पाऊण म्हटलं. विचार करून सांगतो, म्हणाला आहे.